पाळीतली चक्कर आणि रक्तातलं लोखंड



पाळीच्या दिवसांत चक्कर येते, तिला आपल्याकडं किती नावं आहेत बघा. कुणी म्हणतं भोवळ आली, कुणी म्हणतं घेरी आली, कुणी म्हणतं डोळ्यापुढं अंधारी आली. एवढी नावं आहेत म्हणजे त्रास जुना आहे. पण त्यावरचं उत्तर मात्र आजीपासून नातीपर्यंत एकच चालत आलं आहे: "बाईच्या जातीला हे असायचंच." कापसात वेचणी करताना घेरी आली तरी तेच, हंडा डोक्यावर असताना आली तरी तेच.

आज आपण या उत्तराचाच इतिहास बघू. हे उत्तर लोकांनी का मानलं, कुणी मानलं नाही, आणि ज्यांनी मानलं नाही त्यांना काय सापडलं. त्यातला एक महत्त्वाचा शोध आपल्या मुंबईत लागला आहे, तिथल्या गरीब आणि कष्टकरी बायांमध्ये.

आधी अंगात काय होतं ते समजून घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

पाळीच्या एका खेपेला साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. चहाच्या लहान कपाच्या निम्म्याच्या आसपास. तेवढ्या रक्तानं धडधाकट बाईला चक्कर येत नाही. पण रक्तासोबत लोह जातं. एक मिलिलिटर चांगल्या रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे एका पाळीत १५ ते २० मिलिग्रॅम लोह गेलं. आणि जेवणातून अंगाला रोज लागू पडतं ते फार तर एक-दोन मिलिग्रॅम. त्यातलंही काही रोजच्या झिजेत जातं. विहिरीचं गणित तुम्हाला मी सांगायला नको. उपसा जास्त आणि पाझर कमी असला की विहीर एका दिवसात आटत नाही, पण वर्षा-दोन वर्षांत तळ दिसायला लागतो. तसं हे आहे.

लोह कमी पडलं की रक्तातला लाल रंगाचा भाग, ज्याला आपण हिमोग्लोबिन किंवा एचबी म्हणतो, तो कमी होतो. फुप्फुसातला प्राणवायू मेंदूपर्यंत वाहून नेणारा तोच. तो कमी असला की हृदयाला जास्त धाप टाकावी लागते. मग बसलेलं उठलं, वाकून सरळ झालं, ऊन लागलं, की मेंदूला क्षणभर पुरत नाही आणि डोळ्यापुढं अंधारी येते.

चक्कर येण्याची दुसरीही कारणं आहेत. पोटात जोराची कळ आली की काही जणींची नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि घाम फुटून भोवळ येते. त्या दिवसांत उपास धरला, किंवा पोट दुखतं म्हणून जेवण टाळलं, तरी येते. आणि एक कारण आपण बाया बोलत नाही: शेतात, कामावर, बाजारात आडोसा नसतो, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तदाब उतरणारच. पण ज्या बाईला दर महिन्याला घेरी येते, जिन्यावर धाप लागते, पाय गळून जातात, तिच्या बाबतीत पहिली शंका रक्ताची घ्यायची.

ही शंका माणसाला कधी आली? फार पूर्वी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चरकसंहितेत पांडुरोगाचं वर्णन आहे. पांडू म्हणजे फिकट पडलेला. अंग फिकं पडणं, थकवा, अन्नावरची वासना जाणं, आणि भ्रम म्हणजे चक्कर, ही लक्षणं तिथं दिली आहेत. आणि औषधांत लोहाची योजना आहे. नवायस नावाचं चूर्ण त्यातलंच. 'अयस्' म्हणजे लोखंड. आज कुणी उठून दुकानातलं भस्म आणून खावं, असा याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच की फिकं पडणं, चक्कर आणि लोखंड यांचं नातं आपल्याकडच्या वैद्यांनी हेरलेलं होतं.

युरोपातली गोष्ट जरा वेगळी. तिथं वयात आलेल्या मुलींना एक आजार व्हायचा. रंग फिका, जरा हिरवट दिसायचा, दम लागायचा, चक्कर यायची, पाळी बिघडायची. १५५४ साली योहानेस लांगे नावाच्या जर्मन वैद्यानं त्यावर लिहिलं आणि त्याला कुमारिकांचा आजार ठरवलं. उपाय काय सांगितला? मुलीचं लग्न करून द्या. ऐकून हसू येतं, पण मनात म्हणा, हे वाक्य आपण कुठं ऐकलं आहे? "लग्न झालं, एखादं लेकरू झालं, की होईल ठीक." पावणेपाचशे वर्षं झाली, तरी ते वाक्य आपल्या वस्तीत चालूच आहे. मुलीच्या रक्तात लोह नाही, आणि आपण तिला बाळंतपणाला पाठवतो. तिथं तिचं आणखी लोह खर्च होतं.

पुढच्या शतकात टॉमस सिडनहॅम नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं अशा मुलींना लोखंडाचा कीस दारूत भिजवून द्यायला सुरुवात केली आणि मुली सुधारल्या. पण असं का होतं, ते त्याला सांगता येत नव्हतं. १७४६ साली इटलीत मेंघिनी नावाच्या माणसानं रक्त जाळून त्याची राख केली आणि तिच्याजवळ चुंबक धरलं. राखेचे कण चुंबकाला चिकटले. रक्तात लोखंड आहे हे असं डोळ्यांनी दिसलं. १८३२ साली फ्रान्समध्ये ब्लो नावाच्या डॉक्टरनं लोहाच्या गोळ्या बनवल्या, आणि त्या पुढं शंभर वर्षं युरोपात खपल्या. आपल्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून लोखंडाच्या सळ्या ट्रकच्या ट्रक भरून बाहेर जातात. बाईच्या सगळ्या अंगात मिळून लोह असतं दोन-तीन ग्रॅम, एखाद्या लहान खिळ्याएवढं. तेवढ्याच्या कमी-जास्तीवर तिचं उभं राहणं अवलंबून असतं.

आता मुंबईत येऊ. साल १९२८. गिरण्यांचा काळ. कोकणातून आणि देशावरून माणसं गिरणगावात आली होती, आणि गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बाया होत्या. दहा तासांचं काम, चाळीतली एक खोली, आणि घरी परत चूल. गरीब वस्त्यांतल्या पुष्कळ गरोदर बायांचं रक्त इतकं कमी व्हायचं की त्या बाळंतपणात दगावायच्या.

त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची रजा भत्त्यासह द्यावी, असं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला भक्कम पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा झाला. बाईचं शरीर हा तिचा खाजगी मामला आहे असं म्हणून सरकार आणि मालकांना हात झटकता येणार नाहीत, ही गोष्ट आपल्या राज्यात तेव्हा कायद्यात आली.

आणि त्याच १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टरबाई मुंबईत आल्या. तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. परळला हाफकिन संस्था आहे, प्लेगच्या लसीचं काम जिथं झालं ती. तिथं त्यांनी काम सुरू केलं. प्रश्न असा होता की गरोदर बायांचं रक्त कशानं कमी होतं: एखाद्या जंतूनं, की आणखी कशानं? विल्सबाई केवळ प्रयोगशाळेत बसून राहिल्या नाहीत. मुंबईतल्या बाया कशा राहतात, काय खातात, याची पाहणी त्यांनी केली. १९३० साली ती छापली गेली, तेव्हा लेखावर विल्स यांच्या नावाशेजारी तळपदे हे आपल्याकडचं आडनाव होतं. पाहणीतून गोष्ट जेवणाकडं वळली. ज्यांच्या ताटात दूध, फळं, हिरवी भाजी, मांस-मासे नसल्यात जमा, त्यांना हा आजार.

मग त्यांनी माकडांना मुंबईच्या गरीब बाईच्या जेवणासारखं जेवण दिलं. माकडांचं रक्त कमी झालं. प्राण्याचं काळीज खायला दिलं तर रक्त सुधारतं हे तेव्हा माहीत होतं, पण काळजाचा अर्क महाग. गरिबाला परवडेल असं काय? इंग्लंडात बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून एक काळपट, खारट अर्क करतात, पावाला लावून खातात. नाव मार्माइट. तो स्वस्त होता. विल्सबाईंनी तो दिला, आणि रक्त भराभर सुधारायला लागलं. आजारी बायांना दिला, त्या उठून बसल्या. १९३१ साली हे जगाला कळलं.

त्या अर्कात असं काय होतं, ते कळायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी चार टन पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळं काढलं. पानातून निघालं म्हणून नाव ठेवलं फॉलिक ॲसिड. लॅटिन भाषेत 'फोलियम' म्हणजे पान. आशाताई जी लाल गोळी आपल्या हातावर ठेवते, तिच्यात दोन गोष्टी असतात: लोह आणि फॉलिक ॲसिड. त्यातल्या दुसऱ्या गोष्टीचा माग मुंबईच्या गरीब बायांच्या ताटातून लागला. पुढच्या वेळी ती गोळी कणगीमागं टाकताना एवढं आठवा.

या शोधानं ते जुनं उत्तर खोटं ठरवलं. रक्त कमी होणं हे बाईच्या जातीत नव्हतं, ते ताटात होतं. ताट बदललं की बाई बदलली.

मग एवढं कळूनही आपल्यापर्यंत ते का पोचलं नाही? आपल्या देशात १९७० साली सरकारनं रक्तक्षय रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या द्यायच्या ठरलं. पण कुणाला? मुख्यतः गरोदर बाईला आणि लहान लेकरांना. पुढं दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ पडला. आपल्यातल्या थोरल्या बायांनी तो बघितला आहे: रोजगाराच्या कामावर खडी फोडणं, रेशनची लाल मिलो, कामावर वाटलेली सुकडी. त्या खडी फोडणाऱ्या बायांनाही दर महिन्याला पाळी येतच होती. पण पोटात बाळ असेल तरच बाईचं रक्त मोजायचं, अशी रीत पडून गेली होती. शाळेतल्या वयात आलेल्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी देणं देशभर सुरू झालं ते २०१२-१३ च्या सुमारास. आणि गरोदर नसलेल्या, पाळी येणाऱ्या बायांचाही गोळीवर हक्क आहे, हे २०१३ नंतरच्या योजनांत आलं. २०१८ पासून 'ॲनिमिया मुक्त भारत' या नावानं ते चालू आहे. म्हणजे कार्यक्रम सुरू झाल्यापासून चाळीस-बेचाळीस वर्षं पाळीतली घेरी कुणाच्या वहीत नव्हती.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांचं रक्त कमी निघालं. त्याआधीच्या पाहणीत ते ४८ टक्के होतं. सगळ्या देशाचा विचार केला तर बायांत ५७ टक्के आणि पुरुषांत २५. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवण, आणि फरक दुपटीहून जास्त. अर्धा फरक पाळी-बाळंतपणाचा म्हणा, पण शेवटी जेवायला कोण बसतं आणि तेव्हा भाजीच्या भांड्यात काय उरलेलं असतं, हेही त्यात आहे.

आता एक कडू गोष्ट. ऊसतोडीला आपल्या जालन्यातून आणि शेजारच्या बीडमधून हजारो कोयते जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधी घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापतात. पाळीत चक्कर आली, अंगावरून जास्त गेलं, तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचंच. अशा बाईला कुणी सांगितलं की "पिशवी काढून टाक, कायमची कटकट जाईल", तर ती ते ऐकते. २०१९ साली हे बाहेर आलं. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहात एक. सगळ्या देशात त्या वयाच्या बायांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. पुढं २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं गरज नसताना पिशवी काढण्याला आळा घालायला सगळ्या राज्यांना सांगितलं.

कधीकधी पिशवी काढावीच लागते, मोठ्या गाठी असतात, कर्करोग असतो. ते मी नाकारत नाही. पण नुसत्या चक्करीवर आणि जास्तीच्या रक्तस्रावावर ते पहिलं औषध नव्हे. त्याच्याआधी गोळ्या आहेत, तपासणी आहे. पिशवीसोबत बीजकोषही काढले तर तिशीतच पाळी जाण्याचं वय येतं, हाडं ठिसूळ होतात. म्हणून दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, आणि ते सरकारी दवाखान्यातलं घ्या.

मग करायचं काय? थोडक्यात सांगते.

पहिलं, एचबी तपासा. बोट टोचून उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात फुकट होतं. गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली म्हणजे कमी, ८ च्या खाली म्हणजे फार कमी. नुसत्या डोळ्याच्या पापणीवरून ठरवू नका.

दुसरं, किती जातं ते बघा. १९६६ साली स्वीडनमधल्या गोटेबर्ग शहरात डॉक्टरांनी ४७६ बायांचं पाळीत जाणारं रक्त खरंच मोजलं. ८० मिलिलिटरच्या वर ज्यांचं जातं त्यांचं रक्त कमी होतं, असं दिसलं. घरी मोजपट्टी अशी: तासा-तासाला कापड किंवा पॅड भिजत असेल, रुपयापेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, सात दिवसांच्या वर चालत असेल, तर ते जास्त आहे. दवाखान्यात जायचं.

तिसरं, गोळी घेताना. जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घ्या, आपल्याकडची मोसंबी असली तर उत्तमच. आंबटानं लोह लागू पडतं. चहा मात्र जेवण आणि गोळी दोन्हींपासून तासभर लांब ठेवा, चहा लोह अडवतो. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं, ते लोहाचं आहे, घाबरू नका. गोळ्या घेऊनही दोन महिन्यांत एचबी वाढलं नाही तर बी-१२, जंत, थायरॉईड, सिकलसेल यांची तपासणी मागा.

चौथं, ताट. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी-हुलगे, अंबाडी, चवळई, करडईची भाजी, तीळ. खात असाल तर अंडी, कलेजी. भाजी लोखंडी कढईत करा. आणि घरातल्या लेकींना सगळ्यांसोबत जेवायला बसवा.

पाचवं, चक्कर येईल तेव्हा लगेच बसा किंवा आडव्या व्हा, पाय उशीवर उचलून ठेवा, पाणी प्या. विहिरीच्या काठाशी, चुलीपाशी उभं राहू नका. शुद्ध हरपली, बसल्या जागी धाप लागली, छातीत धडधडलं, किंवा पाळी चुकल्यावर पोटात एका बाजूला जोराचं दुखून चक्कर आली, तर वाट बघायची नाही. १०८ ला फोन लावा. पोटातलं गर्भाचं स्थान चुकलं असेल तर तासाभरात जीव धोक्यात येतो.

शेवटचं. आपल्या बचत गटाच्या बैठकीत पैशाचा हिशेब चोख असतो. त्याच दिवशी प्रत्येकीनं आपल्या वहीत आपल्या एचबीचा आकडा लिहून ठेवावा, दर तीन महिन्यांनी नवा. तो दुसऱ्या कुणाला दाखवायचा की नाही, हे जिचं तिनं ठरवावं. आणि गटातली कुणी म्हणाली की पाळीत घेरी येते, तर तिला "असायचंच" म्हणू नका. तिला विचारा, तुझा आकडा किती?